हृदयाच्या झडपा आणि रोगप्रतिकाराचा एक रेणू

बाजाच्या पेटीचा भाता उघडला की आतील चामड्याची पट्टी उचलली जाते व हवा आत शिरते. भाता दाबला की तीच पट्टी छिद्रावर घट्ट बसते आणि हवेची परतीची वाट बंद होते. आपल्या हृदयात अशा चार झडपा आहेत. दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोक्यांबरोबर त्या उघडतात व मिटतात, आणि रक्त एकाच दिशेने वाहते.

परंतु मानवी भ्रूणाचे हृदय चौथ्या आठवड्यात धडधडू लागते, तेव्हा त्यात एकही झडप नसते. ते केवळ एक नळी असते. बाहेर स्नायूंचा थर, आत पेशींचे पातळ अस्तर, आणि दोहोंमध्ये खळीसारखा चिकट पदार्थ. पुढे ठराविक जागी हा पदार्थ फुगून त्याच्या उशा बनतात. अस्तरातील काही पेशी आपली रांग सोडून या उशांत उतरतात, आणि कालांतराने त्या जाड उशा लांबट व पातळ होऊन त्यांच्या झडपा होतात. पेशींना रांग सोडण्याची व उशीला लांबण्याची आज्ञा कोण देतो, या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग अगदी अनपेक्षित बाजूने मिळाला.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या श्वेतपेशी आहेत. शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थाची ओळख पटली की त्या उत्तेजित होतात. त्या क्षणी पेशीतील कॅल्शियमचे प्रमाण वाढते, त्यामुळे कॅल्सिन्यूरिन नावाचे एंझाइम जागे होते, आणि ते एका विशिष्ट प्रथिनावरील फॉस्फेटचे कण काढून टाकते. हे कण म्हणजे जणू त्या प्रथिनाच्या पायांतील बेड्याच. त्या गळून पडताच प्रथिन पेशीच्या केंद्रकात शिरते व लढ्यास लागणारी जनुके कार्यान्वित करते. 1988 मध्ये त्याचा शोध लागला आणि ‘उत्तेजित टी-पेशींच्या केंद्रकातील घटक’ अशा अर्थाचे नाव त्यास मिळाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास एनफॅट म्हणतात. शरीराने दुसऱ्याचे मूत्रपिंड झिडकारू नये म्हणून दिले जाणारे सायक्लोस्पोरिन हे औषध कॅल्सिन्यूरिनला रोखते, हे 1991 मध्ये स्पष्ट झाले. अशा रीतीने ही सारी साखळी रोगप्रतिकाराच्या खात्यावर जमा झाली.

एनफॅट हे एकच प्रथिन नसून एक कुटुंब आहे. त्यातील पहिल्या प्रथिनाचे जनुक काढून टाकलेले उंदीर दोन संशोधकगटांनी तयार केले व 1998 मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटात लॉरी ग्लिमशर होत्या, तर दुसऱ्यात जेराल्ड क्रॅबट्री व टाक माक. ही पिल्ले जन्मासच आली नाहीत. उंदराचा गर्भकाळ सुमारे वीस दिवसांचा. त्यातील चौदाव्या दिवसाच्या सुमारास रक्ताभिसरण कोलमडून ती गर्भातच दगावली. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रोहिण्यांच्या मुखाशी ज्या अर्धचंद्राकृती झडपा असावयास हव्यात, त्या तेथे तयारच झालेल्या नव्हत्या. निरोगी भ्रूणाच्या हृदयात हे प्रथिन केवळ आतील अस्तरातच आढळते, हेही या वेळी दिसून आले. नावात टी-पेशी असली, तरी टी-पेशींचे लढे सुरू होण्याच्या कितीतरी आधी हा रेणू हृदयात कामास लागलेला असतो. शास्त्रातील नावे बहुधा प्रथम कोठे भेट झाली एवढेच सांगतात!

2004 मध्ये क्रॅबट्री यांच्या प्रयोगशाळेने या कार्याचे दोन टप्पे दाखवून दिले. उंदराच्या भ्रूणात नवव्या दिवशी प्रथम बाहेरील स्नायूथरातील एनफॅट प्रथिने काम करतात. रक्तवाहिन्यांची वाढ करणाऱ्या एका द्रव्याची निर्मिती ती त्या जागेपुरती दाबून ठेवतात, कारण हे द्रव्य विपुल असले तर अस्तरातील पेशी रांग सोडीत नाहीत. नंतर अकराव्या दिवसाच्या सुमारास अस्तरातील एनफॅटची पाळी येते, आणि उशीची झडप होऊ लागते. या दोन मुदतींत गर्भिणी उंदरांना सायक्लोस्पोरिन दिले असता त्या त्या टप्प्याचे काम अडले. (यावरून गर्भवती रुग्णाच्या औषधाविषयी अनुमान काढू नये, तो निर्णय वैद्याचा.)

एनफॅट याबाबतीत एकटे नाही. श्वेतपेशींना वाट दाखविणारे केमोकाइन जातीचे एक प्रथिन जपानमध्ये तदाशी नागासावा व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांतून काढून टाकले. 1996 मध्ये त्यांनी कळविले की रक्तपेशींच्या निर्मितीत तर बिघाड झालाच, शिवाय हृदयाच्या दोन जवनिकांमधील पडद्यात भोकही राहिले.

मानवी बालकांत हा प्रश्न दुर्मिळ नाही. जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ-नऊ जणांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. डाउन संलक्षण असलेल्या, म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असलेल्या बालकांत तर तो जवळजवळ निम्म्यांत आढळतो. या गुणसूत्रावरील दोन जनुके एनफॅटला आवर घालतात. दोनऐवजी तीन प्रती असल्याने हा आवर दीडपट होतो आणि एनफॅट केंद्रकात पुरेसे टिकत नाही, अशी उपपत्ती 2006 मध्ये उंदरांवरील प्रयोगांच्या आधारे मांडण्यात आली. मात्र अधिकची प्रत असूनही उरलेल्या निम्म्या बालकांचे हृदय निर्दोष असते. याचा अर्थ, या आवराखेरीज आणखी काही कारणेही हृदयाच्या घडणीत भाग घेत असली पाहिजेत.