घामाचे दोन हिशेब

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी बसायची सवय लागल्यापासून मी स्वतःशीच एक खेळ खेळतो. समोरून फेऱ्या मारणाऱ्या माणसाची चालढाल पाहायची आणि त्याचा व्यवसाय ओळखायचा. कोणीतरी मागे लागल्यासारखे झपाझप चालणारे गृहस्थ बहुधा बँकेतले किंवा विमा कचेरीतले. फेऱ्यांचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो आणि तिसऱ्या फेरीला ते शेअरबाजारावर येतात. खांद्यातून हात गरागरा फिरवणाऱ्या बाई शाळेत शिकवतात. फळ्यावर लिहून लिहून त्यांचा खांदा धरलेला असतो. मान डावी-उजवीकडे वळवून मोडून घेणारी तरुण मंडळी संगणकापुढची. ह्या खेळात मी नेहमी जिंकतो, कारण उत्तर तपासायला कोणी नसते!

पण खेळता खेळता एक गोष्ट ध्यानात आली. ज्यांचा दिवस खुर्चीत जातो तेच येथे घाम गाळायला येतात. हमाल, बारा तास उभा राहणारा रखवालदार, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाई हीही माणसे मैदानात दिसतात. पण मैदान ओलांडून कामावर जाताना.

"त्यांना निराळा व्यायाम कशाला हवा? दिवसभर व्यायामच तर चालू असतो!" हे आपले ठरलेले उत्तर. ह्या उत्तराला शास्त्राचा मोठा आधार मिळाला तो लंडनच्या बसगाड्यांतून, आणि ती हकिकत मोठी गमतीची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हृदयविकाराने दगावणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांची संख्या इंग्लंडात वाढत चालली होती. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांच्या मनात आले की ह्याचा माणसाच्या धंद्याशी काही संबंध असेल काय? लंडनच्या वाहतूक खात्यातील सुमारे ३१ हजार पुरुषांची माहिती त्यांनी तपासली. दुमजली बसवर दोन माणसे असत. ड्रायव्हर जवळजवळ सगळी पाळी बसून काढी. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. बस तीच, धूर तोच, पगारही फारसा वेगळा नाही. पण हृदयविकार कंडक्टरांत कमी आणि आला तरी उशिरा. १९५३ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात हे प्रसिद्ध झाले. टपाल खात्यातही तोच प्रकार आढळला: घरोघर हिंडणारे पोस्टमन बरे, टेबलापाशी बसणारे त्यांचे सहकारी त्या मानाने वाईट.

आता कोणीही शहाणा माणूस विचारील की, आधीच स्थूल असलेली माणसेच ड्रायव्हर होत नसतील कशावरून? मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीही शंका तपासली, आणि कशावरून म्हणाल? तर विजारींवरून! वाहतूक खाते नोकरांना गणवेश देई, तेव्हा शिंप्याकडे कमरेची मापे नोंदलेली होती. ती चाळल्यावर १९५६ साली दिसून आले की ड्रायव्हरांच्या विजारींचा घेर कंडक्टरांहून मोठा, आणि तो अगदी तरुण वयापासूनच मोठा. म्हणजे शंका काही प्रमाणात खरी निघाली. स्वतःच्याच सिद्धांतात खोट काढणारी मोजणी स्वतःच छापणे, हा मला मॉरिस ह्यांचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

आपल्याकडे मात्र हा प्रयोग फसला असता. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसगाड्या १९३७ साली सुरू झाल्या, त्यांतील जुन्या धर्तीची शेवटची गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली; पण त्या गाड्यांवर वर एक आणि खाली एक असे दोन कंडक्टर असत. जिन्याचा लाभ उतारूंना, कंडक्टरच्या वाट्याला नुसती गर्दी.

मॉरिस पुढे खुर्चीतल्या माणसांकडे वळले. सरकारी कचेऱ्यांतील हजारो मध्यमवयीन नोकरांना त्यांनी सोमवारी सकाळी गाठले आणि गेल्या शुक्रवारी-शनिवारी काय काय केले ते लिहून घेतले. बागेत कुदळ मारणारे, भरभर चालणारे, पोहणारे असे जे निघाले त्यांना हृदयविकार बराच कमी झाला. सारे खुर्चीवरच बसणारे. फरक होता तो कचेरीबाहेरच्या वेळेचा. स्वतः मॉरिस लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर धावत आणि नव्याण्णव वर्षे जगून २००९ साली वारले.

येथपर्यंत आपले उत्तर खरे वाटते: कामात हालचाल असेल तर उत्तम, नसेल तर बाहेर करावी. पण आमच्या इमारतीत एक परिचारिका राहतात. वय पंचेचाळिशीच्या आसपास, एका मोठ्या रुग्णालयात नोकरी. गेल्या वर्षी त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला. जिन्यात भेटल्या तेव्हा त्यांनी मनगटावरचे घड्याळ पुढे केले.

"काका, बघा, बारा हजार पावलं. रोजची. आणि डॉक्टर म्हणतात, व्यायाम करा! अजून किती चालू?"

ह्या प्रश्नाचे उत्तर डेन्मार्कमधून मिळते. आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांचे सहकारी बरीच वर्षे हेच कोडे सोडवीत आहेत: मोकळ्या वेळेतील हालचाल आयुष्य वाढवते, मग अंगमेहनतीच्या कामातील हालचाल तसा गुण का दाखवीत नाही? त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आपण अर्धा तास भरभर चालतो तेव्हा हृदय जोरात धावते, मग आपण थांबतो, आणि त्या विसाव्यात शरीर सुधारते. कामावरची हालचाल हृदयाला बळकटी यावी इतकी जोरकस नसते, पण आठ-दहा तास संपत नाही. नाडी आणि रक्तदाब दिवसभर थोडे चढलेलेच राहतात. वजन उचलताना, एका जागी उभे राहताना तर अधिकच. आणि थांबायचे केव्हा हे आपण ठरवीत नाही. काही शास्त्रज्ञांना हे मान्य नाही. मेहनतीची कामे करणाऱ्यांची गरिबी, तंबाखू, अपुरी झोप ह्यांचाच तो परिणाम असावा असे ते म्हणतात. तो वाद मिटेल तेव्हा मिटो. पाठीवर पन्नास किलोची गोणी घेणाऱ्याला आपण "तुझा व्यायाम झाला" असे सांगू नये, एवढे मला पटले आहे.

मग हा मनुष्य संध्याकाळी मैदानावर का येत नाही? आळस म्हणून? युरोपातील चौदा पाहण्यांची, म्हणजे सुमारे एक लाख सत्तर हजार नोकरदारांची माहिती एकत्र करून २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध झाला. कामाचा बोजा मोठा आणि आपल्या हाती काहीच नाही, अशा नोकरीतील माणसे सुटीच्या वेळी जास्त निष्क्रिय आढळली. हे कोणीही सांगेल. पण ज्यांना काम थोडे आणि अधिकारही थोडा, नुसते बसून राहायचे, तीही तितपतच निष्क्रिय निघाली! लिफ्टपाशी स्टुलावर बसणारा घरी जाऊन दंड काढीत नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा आयुष्यभर प्रसार केला, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण त्यांची पहाट त्यांच्या मालकीची होती, हेही विसरू नये.

उलट उदाहरण आपल्याच शहरात होऊन गेले. लालबाग-परळचा गिरणी कामगार आठ तास साच्यावर उभा राही, कापसाचे तंतू छातीत घेई आणि तरी गिरणगावात तालमी होत्या, कबड्डीचे संघ होते, लेझीम होती. हे कसे जमे? गिरणीचा भोंगा झाला की पाळी संपली. तो वेळ कोणी मागून घेत नसे. घर गिरणीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. दहा बाय बाराच्या खोलीत बसायला जागा नसे म्हणून पुरुषमंडळी रस्त्यावर, आणि तालीम चाळीच्या शेजारीच. (बायकांना ना रस्ता होता ना तालीम, हे सांगितलेच पाहिजे.) १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, माणसे दूर उपनगरांत पांगली. विरारहून चर्चगेट साठ किलोमीटर. जाऊन-येऊन तीन तास लोकलमध्ये उभा राहणारा मनुष्य तालमीत केव्हा जाणार? आणि घरोघर जेवण पोचवणाऱ्या आजच्या मुलांना तर भोंगाच नाही.

बायकांचा हिशेब आणखी निराळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २०२४ साली जे आकडे दिले, त्यांप्रमाणे २०२२ साली भारतातील निम्म्या प्रौढांची हालचाल अपुरी होती. पुरुषांत ४२ टक्के, स्त्रियांत ५७. घरकाम ह्या मोजणीत धरलेले असते, तरीसुद्धा! ओट्यापाशी दोन तास उभे राहिल्याने कंबर मोडते, पण श्वास जलद होत नाही. दमणे आणि व्यायाम ह्या दोन गोष्टी आपण एकाच खात्यावर मांडत आलो आहोत.

आमच्या शेजारीणबाईंना मी हे सारे सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "ते ठीक आहे हो काका, पण पुढच्या आठवड्याची ड्यूटी आम्हाला ह्या आठवड्याच्या शेवटी कळते. सकाळ, दुपार की रात्र, काही ठाऊक नसतं. व्यायामाची वेळ ठरवू कुठली?"

मला वाटते, दुखणे नेमके येथे होते. त्यांनी व त्यांच्या काही मैत्रिणींनी मेट्रनबाईंकडे अर्ज केला, की यादी महिन्याची एकदम लावावी. होय-नाही करता करता तीन महिन्यांनी ती लागू लागली. परिचारिकांच्या वसाहतीत बॅडमिंटनचे एक जुने मैदान गवत वाढून पडले होते, ते साफ करून घेतले. आता ज्या चौघींची पाळी जुळते त्या आठवड्यातून तीनदा अर्धा-पाऊण तास खेळतात. रात्रपाळीच्या आठवड्यात खेळत नाहीत. त्या आठवड्यात दुपारी दार लावून झोपतात आणि घरच्यांनी चहा करून घ्यावा असे ठरले आहे. रक्तदाबाची गोळी चालू आहे, मात्र गेल्या तपासणीत तिची मात्रा वाढवावी लागली नाही.