घोरता का, हे डोळ्यांचा डॉक्टर का विचारतो

रोज सकाळी डोळा लाल, पापण्या चिकटलेल्या, निरनिराळे ड्रॉप घालूनही फरक नाही, अशी तक्रार घेऊन पन्नाशीतला वजनदार माणूस आला की मी आधी त्याची वरची पापणी बोटाने हलकेच वर ओढते. एरवी पापणी उलटवायला हात बसलेला असावा लागतो. ही मात्र रबरासारखी ताणली जाते आणि आपसूक उलटते. आतली बाजू लालभडक, खरखरीत.

‘‘काका, कोणत्या कुशीवर झोपता?’’ बहुधा त्याच बाजूचा डोळा जास्त बिघडलेला असतो, कारण सैल पापणी रात्रभर उशीवर घासते. पुढचा प्रश्न काकूंना: ‘‘घोरता घोरता यांचा श्वास मध्येच थांबतो का?’’

या दुखण्याला फ्लॉपी आयलिड सिंड्रोम म्हणतात. १९८१मध्ये अमेरिकेतल्या दोन नेत्रतज्ज्ञांनी त्याचं वर्णन केलं. अशा अनेक रुग्णांना स्लीप अ‍ॅप्नियाही असतो. झोपेत घसा सैल पडून श्वासाची वाट बंद होते, दहा-दहा सेकंद किंवा त्याहूनही जास्त. तीव्र आजारात तासाला तीस किंवा अधिक वेळा श्वास असा अडतो. दर वेळी रक्तातला ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब उसळतो. घोरणं म्हणजे गाढ झोप, हा आपल्याकडचा समज मला फार घातक वाटतो.

पापणी निदान दिसते तरी. डोळ्यामागच्या नसेचा रक्तपुरवठा बारीक वाहिन्यांवर चालतो, तिथे काय घडतंय ते रुग्णाला कळतही नाही. स्लीप अ‍ॅप्निया असलेल्यांत काचबिंदू जास्त आढळतो, कधी डोळ्याचा दाब नॉर्मल असूनही. काहींना सकाळी उठल्यावर एका डोळ्याने वरचा किंवा खालचा भाग दिसेनासा होतो. दुखत काहीच नाही, म्हणून ते दोन दिवस वाट बघतात. तशी बघू नका, त्याच दिवशी या. नसेचा रक्तपुरवठा तुटून गेलेली नजर खात्रीने परत आणणारं औषध आमच्याकडे नाही. अशा रुग्णांना बीपी, मधुमेहही असतो, त्यामुळे सगळा दोष एकट्या घोरण्यावर टाकता येत नाही. पण झोपेची तपासणी मी करायला लावतेच.

मग येतं सीपॅप मशीन, मास्कमधून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं. मास्क नाकाच्या कडेला नीट बसला नाही तर हवा थेट डोळ्यांत जाते आणि डोळे कोरडे पडतात. मास्कचा आकार बदलून घ्या, झोपताना डोळ्यांत मलम घाला, मशीन मात्र बंद ठेवू नका. काचबिंदू असेल तर मशीन सुरू केल्याचं डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगा, कारण त्याने रात्री डोळ्याचा दाब थोडा वाढू शकतो.