पारवा बरा झाला, हे कोण ठरवणार?

या भागाचा हा लिखित अवतार. बोलताना ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्चुअली’ फार झालं होतं, तेवढं गाळलंय. बाकी तसंच ठेवलंय, माझी चूकसुद्धा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक पारवा बसला होता. जवळ गेलो तरी उडेना. डाव्या पंखात मांजा रुतलेला, पिसांवर रक्त. राष्ट्रीय हरित लवादानं नायलॉनच्या मांजावर २०१७ मध्येच देशभर बंदी घातली आहे, पण दर जानेवारीत तो झाडांवर आणि तारांवर लटकलेला दिसतोच.

मी त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून वर आणलं. आई दारातच म्हणाली, “अरे, पारवा घरात आणतोस? ओसाड घरात घुमतात ते!” शकुन-अपशकुन सोडा, तिची खरी अडचण वेगळी होती. तिला दमा आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

पहिला तास: कमीत कमी करा

जखमी पक्षी दिसला की आपण तीन गोष्टी हमखास करतो. पाणी पाजतो, हळद लावतो आणि घरातल्या सगळ्यांना दाखवतो. तिन्ही नको.

पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या अगदी मागे असतं. चोच उघडून ड्रॉपरनं पाणी ओतलं की ते सरळ फुप्फुसात जाऊ शकतं. शुद्धीवर असेल तर उथळ वाटीत पाणी समोर ठेवा. पारवा चोच बुडवून ओढून पाणी पितो, त्याला आपली मदत लागत नाही.

हळद किंवा तेलकट मलम लावलं की पिसं चिकटतात, आणि पिसं हेच त्याचं पांघरूण असतं. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडानं काही मिनिटं हलकेच दाबून धरा. मांजा ओढून काढू नका. बाहेर लोंबणारा भाग कात्रीनं कापा, रुतलेला डॉक्टरांवर सोडा.

धरताना छाती आवळू नका. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे होतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते. आपण प्रेमानं घट्ट धरतो आणि त्याचा जीव गुदमरतो.

मग करायचं काय? पुठ्ठ्याचं खोकं, त्याला भोकं, तळाला जुना टॉवेल, वर झाकण. अंधार, ऊब, शांतता. आणि फोन. महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन आहे, १९२६. मुंबईत असाल तर परळचं जनावरांचं हॉस्पिटल आहे, जुने लोक त्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात. पक्षी झाडावर किंवा तारेत लटकला असेल तर स्वतः चढू नका, अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा. आणि पारव्याच्या जागी घार, घुबड किंवा पोपट असेल तर तो घरात ठेवणं थेट वन्यजीव कायद्यात अडकतं. तिथे पहिला फोन वनविभागालाच.

जखम कुठे होती

पक्ष्यांच्या डॉक्टरबाईंनी पंख उघडून दाखवला. खांद्यापासून मनगटापर्यंत पुढच्या बाजूला कातडीचा एक पातळ पडदा असतो. पंख उघडला की तो छत्रीच्या कापडासारखा ताणला जातो, आणि त्याच्या कडेनं एक बारीक स्नायुरज्जू जातो. मांजा बहुतेक वेळा इथेच कापतो. हाड शाबूत असतं, म्हणून आपल्याला वाटतं की थोडक्यात वाचला. पण हा पडदा आखडला तर पंख पूर्ण उघडतच नाही.

टाके पडले, औषध मिळालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “दहा दिवस हलू देऊ नका. मग घेऊन या, मी बघते. तोवर सोडू नका.”

बाल्कनीत खोकं ठेवलं. बाजरी, ज्वारी, मका, मूग. पाव, दूध, भात काही नाही. रोज सकाळी विष्ठा बघायची: गडद गोळा आणि वर पांढरं असेल तर ठीक, नुसतं हिरवं पाणी असेल तर पोटात दाणा जात नाहीये. किचनच्या वजनकाट्यावर वजन. मी चक्क स्प्रेडशीट केली होती, हसा खुशाल.

माझी चूक

आठव्या दिवशी आईचा खोकला वाढला. पिसांची धूळ आणि वाळलेली विष्ठा दम्याच्या माणसाला त्रास देते, हे मला माहीत होतं. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांचा वाद उच्च न्यायालयात गाजला, त्याच्याही मुळाशी श्वसनाच्या आजारांचाच मुद्दा होता. हजारो पारव्यांना रोज दाणे टाकणं आणि एका जखमी पारव्यावर उपचार करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण आईच्या फुप्फुसांना हा फरक कळत नाही.

नवव्या दिवशी मी पंखा बंद केला, खिडक्यांवर चादरी लावल्या आणि त्याला खोलीत सोडलं. तो कपाटावरून उडाला, पडद्यावर बसला. मी खूश! उडतोय की! मनात लगेच मोठी वाक्यं आली: आकाश त्याचं घर आहे, स्वातंत्र्य वगैरे. गच्चीवर जाऊन खोकं उघडलं.

तो उडाला, सरळ खाली गेला आणि शेजारच्या गॅरेजच्या पत्र्यावर आदळल्यासारखा बसला. पुन्हा वर येण्यासाठी पंख मारले, पण डावा अर्धाच उघडत होता. पत्र्याच्या दुसऱ्या टोकाला मांजर होतं, आणि वर दोन घारी. मी चार मजले उतरलो, गॅरेजवाल्या काकांकडून शिडी घेतली आणि टॉवेल टाकून त्याला परत पकडलं. ते मांजर दोन मिनिटं आधी हललं असतं तर हा भाग रेकॉर्ड झाला नसता.

आमच्या भाषेत सांगायचं तर माझ्या लॅपटॉपवर चाललं म्हणून मी थेट प्रॉडक्शनवर टाकलं. कपाटावरून पडद्यापर्यंत जाणं म्हणजे उंचावरून घसरत येणं. त्याला फार ताकद लागत नाही. जमिनीवरून सरळ वर उठणं ही खरी परीक्षा, आणि ती मी घेतलीच नव्हती. का घेतली नाही? कारण मला उत्तर ‘हो’ असंच हवं होतं. मला बाल्कनी मोकळी हवी होती, आईचा खोकला थांबायला हवा होता. स्वातंत्र्य हा शब्द मी माझ्या सोयीसाठी वापरला.

मग कधी सोडायचं?

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत, पण पाच प्रश्न लिहून दिले.

१. जमिनीवरून, पळत न जाता, थेट वर उडतो का?
२. बसलेला असताना दोन्ही पंख सारखे दिसतात का? एक लोंबतोय का?
३. पाच-सहा वेळा उडाल्यावर चोच उघडून धापा टाकतो का?
४. स्वतः खातो का, आणि वजन टिकून आहे का?
५. तुम्हाला घाबरतो का? हातावर येऊन बसतो ही कौतुकाची गोष्ट नाही. बाहेर हाच विश्वास त्याचा जीव घेईल.

एकाचंही उत्तर चुकीचं आलं तर थांबायचं. पिसं कापली गेली असतील तर वाट लांबते, कारण मुळासकट उपटलेलं पीस काही आठवड्यांत नवं येतं, पण मधून तुटलेलं पीस गळून बदलेपर्यंत तसंच राहतं.

आणि पिवळट लव असलेलं, चिवचिव करणारं पिल्लू असेल तर त्याला एकट्यानं सोडायचंच नाही. दाणा कुठे शोधायचा, कोणाला घाबरायचं, हे ते थव्याकडून शिकतं. त्याला इतर पारव्यांबरोबर वाढवणाऱ्यांकडे द्यायला हवं.

कधीच उडू न शकणाऱ्या पक्ष्याचं काय? ‘तिथे त्याचे भाऊबंद आहेत’ म्हणून त्याला कबुतरखान्यात ठेवून येणं म्हणजे सोडणं नव्हे, टाकून देणं. अशांना सांभाळणारी केंद्रं असतात. काही वेळा वेदना थांबत नाहीत, तेव्हा डॉक्टर वेगळा निर्णय सुचवतात. तो ऐकायला जड जातो, पण प्रश्न तोच राहतो: हे पक्ष्यासाठी की माझ्यासाठी?

पुढे काय झालं

मी त्याला घरी परत आणलं नाही. डॉक्टरबाईंच्या ओळखीच्या उपचार केंद्रात दिलं, तिथे उडायला मोठा पिंजरा होता. सुरुवातीला मला हे हरल्यासारखं वाटलं. पण आईच्या फुप्फुसांची किंमत देऊन पक्षी वाचवण्यात शहाणपण नव्हतं, आणि पक्ष्याची किंमत देऊन बाल्कनी मोकळी करण्यातही.

फेब्रुवारीत फोन आला: पाचही उत्तरं बरोबर आहेत. पारवा जिथे सापडला तिथेच सोडावा, त्याचा थवा, कदाचित जोडीदारही तिथेच असतो. सकाळची वेळ, कोरडी हवा, आकाशात पतंग नाहीत. हवेत फेकायचं नाही, खोकं उघडून मागे सरायचं.

मी पार्किंगमध्ये खोकं उघडलं. तो मिनिटभर आतच बसला. मग सरळ वर, चौथ्या मजल्याच्याही वर, पाण्याच्या टाकीवर. तिथे आधीच आठ-दहा पारवे होते. आई खिडकीतून बघत होती. तिनं विचारलं, “त्यातला आपला कुठला रे?”

मला सांगता आलं नाही.