परसबागेतील टोमॅटो आणि फळ पोखरणारी अळी

परसदारी मोरीच्या पाण्यावर टोमॅटोची आठ-दहा झाडे वाढविली असता कुटुंबाच्या रोजच्या आहारात ताज्या भाजीची चांगली भर पडते. झाडे जोमदार वाढतात, फुलतात, फळेही धरतात. आणि ऐन तोडणीच्या वेळी फळांना वाटोळी छिद्रे पडलेली दिसू लागतात. मग औषधाची शोधाशोध सुरू होते. परंतु त्या वेळी अळी फळाच्या आत सुरक्षित बसलेली असते आणि वरून केलेली फवारणी तिच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. म्हणून या किडीचा बंदोबस्त फळात शिरण्यापूर्वीच झाला पाहिजे. त्यासाठी तिचा जीवनक्रम ठाऊक असणे अगत्याचे आहे.

किडीची ओळख

हरभऱ्यावरील घाटे अळी व कपाशीवरील हिरवी बोंडअळी या नावांनी शेतकऱ्यांस परिचित असलेली कीड तीच टोमॅटोवरील फळ पोखरणारी अळी होय. शास्त्रीय भाषेत तिला हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा असे म्हणतात. जवळपास हरभरा, तूर किंवा कपाशी असल्यास परसबागेतही अधिक दक्षता बाळगावी.

हिची मादी पतंग रात्री कोवळी पाने व फुले यांवर खसखशीच्या दाण्यासारखी, पिवळसर पांढरी अंडी एकेक करून घालते. साधारणतः ३ ते ५ दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात. लहान अळ्या प्रथम कोवळी पाने व फुले खातात आणि थोड्या मोठ्या झाल्यावर फळांकडे वळतात. डोके फळात खुपसून शरीराचा मागील भाग बाहेर ठेवण्याची या अळीची सवय आहे. एका फळावर तिचे समाधान होत नाही. एकच अळी अनेक फळे नासविते. पूर्ण वाढलेली अळी सुमारे ३५ ते ४० मिलिमीटर लांब असते. तिचा रंग हिरवा, तपकिरी किंवा गुलाबीसर असू शकतो. मात्र अंगाच्या दोन्ही बाजूंच्या फिकट रेषा ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. वाढ पुरी होताच ती जमिनीत उतरून कोषात जाते.

पाने खाणाऱ्या अन्य अळ्या

तंबाखूवरील पाने खाणारी अळी टोमॅटोवरही येते. तिची मादी पानांवर पुंजक्याने अंडी घालून ती भुरकट केसांनी झाकते. लहान अळ्या एकाच पानावर गर्दी करून हिरवा भाग खरवडतात व पान जाळीदार होते. असे पान दिसताच अळ्यांसह तोडल्यास शेकडो अळ्यांचा एकदम नाश होतो. दोन-चार दिवसांचा उशीर झाला, तर त्या बागभर पांगतात. पुढे मोठ्या अळ्या दिवसा लपून राहतात व रात्री खातात. त्या संध्याकाळनंतर दिवा घेऊन शोधाव्यात.

टुटा ही परदेशातून आलेली नागअळी भारतात प्रथम २०१४ साली आढळली. ती पानाच्या दोन पापुद्र्यांमधील भाग खाऊन पारदर्शक चट्टे पाडते आणि फळांतही शिरते. चट्टे पडलेली पाने वेळीच काढून नष्ट करावीत.

हाताने वेचणी

शेतावर जे काम खर्चाचे ठरते, ते आठ-दहा झाडांच्या बागेत घरच्या घरी सहज होते. फुले येऊ लागल्यापासून दररोज सकाळी शेंड्याची पाने, फुलांचे घोस व फळांचे देठ उलटसुलट करून पाहावेत. ताजी काळपट विष्ठा दिसल्यास अळी जवळच आहे असे समजावे. सापडलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. पोखरलेली फळे उकिरड्यावर फेकू नयेत. तेथेच अळी मातीत कोषात जाऊन पुढील पिढीची तयारी करते. फळ फोडून आतील अळी मारावी. पीक निघाल्यावर जमीन खणून उन्हात तापू द्यावी, म्हणजे कोष उघडे पडून पक्ष्यांच्या नजरेस येतात.

झेंडूचा उपयोग

या अळीच्या मादीस झेंडूच्या कळ्या व फुले विशेष प्रिय आहेत. शेतात टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावण्याची शिफारस आहे. परसबागेत वाफ्याच्या कडेने चार-पाच झाडे पुरतात. दोन्ही पिके एकाच वेळी फुलावीत म्हणून लागणीच्या वेळी टोमॅटोचे रोप सुमारे २५ दिवसांचे, तर झेंडूचे ४० ते ४५ दिवसांचे असावे. झेंडूवरील अळ्याही नियमाने वेचाव्यात. अन्यथा तो सापळा न राहता किडीचे आगर बनतो.

निंबोळी अर्क

वेचणीने काम न भागल्यास ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. वाळलेल्या निंबोळीच्या गराची ५० ग्रॅम भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळावी. त्यात पाणी घालून एकूण द्रावण १ लिटर करावे व किंचित साबण मिसळावा. उन्हाने अर्काचा गुण कमी होतो, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी तो पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावा. पिकलेली फळे फवारणीपूर्वी काढून घ्यावीत.

विषारी औषधांविषयी

पूर्वीच्या पिढीत डी.डी.टी.ची भुकटी सर्रास धुरळली जात असे. भारतात १९८९ साली तिचा शेतीतील वापर बंद करण्यात आला. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर २००५ साली बंद झाला. शेतासाठी आणलेले उरलेसुरले औषध परसबागेत फवारण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. औषध मारल्यापासून तोडणीपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात. परसातील फळ मात्र रोज तोडले जाते आणि मुले ते कित्येकदा न धुताच खातात. शिवाय अशा औषधांनी अळ्यांचे नैसर्गिक शत्रू असलेले मित्रकीटकही मरतात.

चार फळे किडली तर नुकसान थोडे आहे. विषाचा अंश घरच्यांच्या पोटात गेला तर ते भरून येणारे नाही. म्हणून परसबागेत औषधापेक्षा रोजच्या दहा मिनिटांच्या पाहणीवरच मुख्य भर द्यावा.