पथ्य रोग्याचे की घराचे?

मधुमेह हा श्रीमंतांचा रोग, अशी समजूत आपल्या समाजात बरीच वर्षे होती. ती आता सोडून दिली पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले. मुंबई महानगरपालिकेच्या २०२१ सालच्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या दर १०० मुंबईकरांपैकी १८ जणांची उपाशीपोटीची साखर वाढलेली आढळली. आपल्या विहारात वंदनेला शंभर माणसे जमली, तर त्यांत हे अठरा कोण, हे त्यांतील काहींना स्वतःलाही ठाऊक नसते.

तपासणी झाली की डॉक्टर औषध लिहून देतात आणि म्हणतात, "पथ्य पाळा." हे पथ्य पाळायचे कोणी, याविषयी आम्ही येथे लिहीत आहोत. आमचा अनुभव फार अभिमानाचा नाही, परंतु तो सांगितल्यावाचून मुद्दा कळणार नाही.

आमच्या पत्नीला मधुमेहाचे निदान झाले. आम्ही तिला गोळ्या आणून दिल्या, पथ्याचा छापील कागद फ्रीजवर चिकटवला आणि आपले कर्तव्य झाले असे मानले. संध्याकाळी घाटकोपर स्टेशनबाहेरून फरसाण आणणे मात्र चालू राहिले. मुलांचे बटर, खारी, बिस्किटे चालू राहिली. ती दोन प्रकारचा स्वयंपाक करू लागली, आमचा आणि तिचा. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी रक्ततपासणी केली, तर आकडा पूर्वीइतकाच, ९ च्या वर. आम्ही तिलाच बोल लावला.

पालिकेच्या रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी आमच्यादेखत एकच प्रश्न विचारला, "घरात उरलेले अन्न कोण खाते?" पत्नी खाली पाहू लागली. उरलेला भात, मुलांनी टाकलेली अर्धी पोळी, तळाशी राहिलेली खीर, हे सारे तीच संपवीत होती. अन्न वाया घालवू नये, हा तिच्यावर लहानपणापासूनचा संस्कार. ज्यांच्या आजी-आजोबांनी दुसऱ्याच्या दारचे उरलेसुरले अन्न खाल्ले, त्यांच्या घरी अन्न टाकणे सोपे नसते. पण त्या संस्काराचा सारा भार एकट्या गृहिणीच्या पोटावर का, हा प्रश्न आम्हाला तोवर पडला नव्हता.

संयुत्त निकायात कोसलनरेश प्रसेनजिताची कथा आहे. राजा द्रोणभर भाताचे जेवण जेवून धापा टाकीत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी त्याला मात्रा जाणून खाण्याचा उपदेश केला. राजाने सुदर्शन नावाच्या तरुणाला तो उपदेश पाठ करायला लावला आणि रोज जेवताना आपल्याजवळ म्हणावयास सांगितला. हळूहळू राजाचा आहार नाळीभर भातावर आला आणि त्याचे शरीर हलके झाले. उपदेश खुद्द बुद्धांचा होता, तरीही तो रोज पाळण्यासाठी राजाला ताटाजवळ एक सोबती लागला, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या जवळचे आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना मधुमेह होता. पायांच्या वेदना आणि निद्रानाश यांनी ते त्रस्त असत. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. पुढे बाबासाहेबांचे औषध, इन्सुलिन आणि आहार यांची जबाबदारी त्यांनी उचलली. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी १५ मार्च १९५६ रोजी बाबासाहेबांनी जी प्रस्तावना लिहिली, तीत प्रकृती अगदी विझत्या ज्योतीसारखी झाली असता पत्नी आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्यामुळेच हे काम पूर्ण होऊ शकले, अशी कृतज्ञता त्यांनी व्यक्त केली. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना नव्हती, म्हणून अनेकांना ती ठाऊक नसते.

राजाजवळ सुदर्शन होता. बाबासाहेबांजवळ माईसाहेब होत्या. आमच्या पत्नीजवळ कोण होते? फ्रीजवरचा कागद!

त्या रविवारी आम्ही सर्वांनी मिळून स्वयंपाकघरातले डबे खाली उतरवले. वाचकांना उपयोग व्हावा म्हणून त्यांची वाटणी कशी केली ते सांगतो.

घरातून कायमची गेली ती बिस्किटे, खारी, बटर, मैदा, फरसाण, सरबताच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या आणि दोनदा तळणी झालेले तेल. 'साखरविरहित' असे लिहिलेली बिस्किटेही गेली, कारण त्यांत मैदा असतोच आणि पिठाची पोटात साखरच होते. गूळ आणि मध चालतो, ही समजूत चुकीची आहे. रक्तातील साखर तेही वाढवतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, तोही गेला. पाच किलो साखरेऐवजी आता महिन्याला अर्धा किलो येते.

दुसरी वाटणी मापून खाण्याच्या वस्तूंची. तांदूळ राहिला, पण एक वाटी ठरली आणि भात तिनेच वाढायचा. ज्वारी-बाजरीची भाकरी तंतुमय आहे, पण म्हणून ती हवी तितकी चालते असे नाही. अर्धे ताट भाजी व कोशिंबीर, पाव ताट डाळ, उसळ, अंडे किंवा मासे आणि पाव ताट भात किंवा भाकरी, असा हिशेब बाईंनी सांगितला.

सुकटीच्या डब्यापाशी आमच्या आई अडल्या. "बहात्तरच्या दुष्काळात हिनेच जगवलं. ही टाकायची नाही," त्या म्हणाल्या. सुकट, बोंबील यांनी साखर वाढत नाही, अडचण मिठाची आहे. मधुमेहाबरोबर पुष्कळदा रक्तदाबही येतो. दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, तर पालिकेच्या त्याच पाहणीत मुंबईकर सरासरी ८.६ ग्रॅम मीठ खातात असे आढळले. लोणचे आणि पापड गेले. सुकट मात्र राहिली. ती गरम पाण्यात दोन-तीनदा धुवायची, वरून मीठ घालायचे नाही आणि पंधरवड्यातून एकदाच करायची. पूर्वजांचे अन्न लाजेने टाकू नये आणि केवळ प्रेमाने खाऊही नये, विचाराने ठेवावे. 'कमी सोडियमचे मीठ' मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये. त्यात पोटॅशियम असते आणि मूत्रपिंड अशक्त असेल तर ते घातक ठरू शकते.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साखरेचा एक लहान डबा हाताशी राहिलाच पाहिजे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्याची साखर एकाएकी उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या रोग्याला तीन चमचे साखर पाण्यातून ताबडतोब द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, तडक रुग्णालयात न्यावे. साखर कोठे आहे हे मुलांनाही ठाऊक असावे. याच कारणास्तव पौर्णिमेचा उपोसथ वा वर्षावासातील उपवास औषधे चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नये. शरीराला पीडा देणे हा तथागतांचा मार्ग नव्हे.

उरलेल्या अन्नाचा नियमही घरात ठरला. मोजूनच शिजवायचे, आणि उरले तर ज्याने जास्त मागून घेतले त्याने दुसऱ्या दिवशी खायचे. सुरुवातीला मुलांनी तोंडे वाकडी केली. फरसाणाची सवय सुटायला सर्वांत जास्त दिवस आम्हालाच लागले, हे कबूल केले पाहिजे. आता घरात एकच स्वयंपाक होतो. पुढच्या तपासणीत आकडा ७.६ आला. तो अजून खाली यायचा आहे, पण या वेळी अहवाल वाचताना तिने मान खाली घातली नव्हती.

आपल्या मंडळालाही एक विनंती आहे. बुद्धपौर्णिमेला खीरदान जरूर करावे, पण शेजारी मोड आलेल्या कडधान्यांचे किंवा ताकाचे एक भांडे ठेवावे, म्हणजे त्या अठरा जणांना रिकाम्या हाताने बाजूला उभे राहावे लागणार नाही. आणि घरोघरच्या बांधवांना एवढेच सांगणे, की आपल्या घरी कोणाला पथ्य सांगितले गेले असेल, विशेषतः ती घरची गृहिणी असेल, तर कागद चिकटवून थांबू नका. डबे खाली उतरवायला तिच्याबरोबर बसा.

नमो बुद्धाय! जयभीम!