दोन वाऱ्यांच्या वाटेवर

वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांनी वाचले असेल. डॉ. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर कॉलेजात जाण्यापूर्वी काही काळ विंटरसेट नावाच्या लहानशा गावी राहिले होते. तेथील मिल्हॉलंड दांपत्याने आग्रह धरला, म्हणून १८९० साली ते सिम्प्सन कॉलेजात दाखल झाले. पुस्तक मिटल्यावर ते गाव आपण विसरून जातो. आज आम्ही आपणांस त्या गावी पुन्हा नेणार आहोत. मात्र माणसांसाठी नव्हे, तेथल्या हवेसाठी.

विंटरसेट हे अमेरिकेच्या आयोवा राज्यातील मॅडिसन कौंटीचे मुख्य ठिकाण. कौंटी म्हणजे आपल्याकडील तालुक्याएवढा मुलूख समजावा. क्षेत्रफळ सुमारे साडेचौदाशे चौरस किलोमीटर आणि वस्ती, २०२० च्या शिरगणतीप्रमाणे, अवघी साडेसोळा हजार. मका, सोयाबीन आणि गुरेढोरे यांवर चालणारा हा प्रदेश. गावाच्या नावाची एक गोष्ट तेथे सांगतात. १८४९ साली गाव वसविताना 'समरसेट' हे नाव सुचविले गेले. समर म्हणजे उन्हाळा. पण त्या दिवशी ऐन उन्हाळ्यात हुडहुडी भरविणारा गारठा पडला होता. तेव्हा कोणीतरी वैतागून म्हणाले, "त्यापेक्षा विंटरसेट म्हणा!" गोष्ट खरी असो वा रचलेली, त्या मुलखाच्या हवामानाचे मर्म तिच्यात आले आहे.

हे असे का व्हावे? आपल्या देशाच्या उत्तरेस हिमालय आडवा उभा आहे, म्हणून मध्य आशियातील बोचरे वारे आपल्यापर्यंत थेट पोहोचत नाहीत. अमेरिकेतील मोठे पर्वत उत्तर-दक्षिण पसरलेले आहेत. त्यामुळे कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फाळ प्रदेश आणि दक्षिणेकडील मेक्सिकोचे आखात यांच्या दरम्यान आडवी भिंत अशी नाहीच. उत्तरेचा वारा कोरडा, थंड आणि जड. आखाताकडून येणारा दमट, उबदार आणि हलका. मॅडिसन कौंटी या दोघांच्या वाटेवर बसली आहे. त्यातच आखात तेथून सुमारे तेराशे किलोमीटर दूर. समुद्र जवळ असला म्हणजे तो थंडी आणि ऊन दोन्ही सौम्य करतो. मुंबईचा आणि नागपूरचा हिवाळा ताडून पाहिला की हे पटते. आयोवाला असा कनवाळू शेजारी नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. जानेवारीची रात्र सरासरीने शून्याखाली दहा अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते, तर जुलैची दुपार तीस अंशांपर्यंत चढते. आयोवा राज्यातील नीचांक शून्याखाली ४४ अंशांचा (१९१२ आणि पुन्हा १९९६) व उच्चांक जवळजवळ ४८ अंशांचा (१९३४). हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते, म्हणून घराचा पाया साडेतीन फूट खाली न्यावा लागतो. नाही तर गोठलेली माती फुगून भिंती उचलते. वसंतात माती दहा अंशांपर्यंत तापली की मक्याचा पेरा सुरू होतो. वर्षाचा पाऊस नऊशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून अधिकच. परंतु तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही. दर महिन्याला काही ना काही पडते, आणि सर्वांत जास्त मे-जूनमध्ये. जुलैच्या उबदार, दमट रात्री माणसाला नकोशा होतात, पण मका त्याच रात्रींत झपाट्याने वाढतो. शिवाय मक्याची पाने स्वतःच हवेत इतकी वाफ सोडतात की उकाड्यात भर पडते.

अशा हवेत राहणाऱ्यांनी आपापल्या परीने तोड काढली. या कौंटीत ओढ्या-नद्यांवर एकेकाळी छप्पर घातलेले एकोणीस लाकडी पूल होते; १८७० ते १८८४ या काळात बांधलेल्यांपैकी पाच मूळ रूपात उरले आहेत. प्रवासी त्यांकडे शोभेची वस्तू म्हणून पाहतात, पण छप्पर हौसेने घातलेले नव्हते. पुलाची जाड लाकडे पावसाने आणि बर्फाने कुजली, तर बदलणे महाग पडे. वरचे पत्रे-फळ्या बदलणे स्वस्त. हिशेब सरळ होता.

परंतु प्रत्येक संकटावर छप्पर घालता येत नाही. आपल्या मंडईत हिमाचलातून येणारे लालबुंद 'डेलिशिअस' सफरचंद आपण खातो. त्या जातीचे मूळ झाड याच कौंटीतील पेरू गावाजवळ, जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत उगवले. १९४० सालचा शरद ऋतू सौम्य होता, त्यामुळे झाडे हिवाळ्याच्या निद्रेत शिरलीच नव्हती. ११ नोव्हेंबरची सकाळही उबदार निघाली. मिसिसिपी नदीवर बदकांच्या शिकारीस गेलेली मंडळी साध्या कपड्यांनिशी बाहेर पडली होती. काही तासांतच उत्तरेचा वारा कोसळला, हिमवादळ सुरू झाले आणि मध्य-पश्चिमेत दीडशेच्या आसपास माणसे दगावली. आयोवातील सफरचंदांच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. त्यांतच ते मूळ झाडही गेले. पुढे त्याच्या मुळांतून फुटवा आला, एवढेच समाधान.

दुसरा दिवस अगदी अलीकडचा. ५ मार्च २०२२, शनिवार. मार्चच्या आरंभी हवा अवेळी उबदार आणि दमट झाली होती. खाली आखाताची दमट हवा, वर थंड वारे, आणि उंचीनुसार वाऱ्याची दिशा व वेग बदललेले. वर चढणारी हवा अशा वेळी पीळ घेऊ लागते, आणि तो पीळ जमिनीला टेकला की चक्रीवात म्हणजे टोर्नेडो होतो. दुपारी उशिरा तो विंटरसेटच्या जवळून गेला. ताशी सुमारे २७० किलोमीटर वेग, शंभर किलोमीटरहून लांब वाट. एकट्या मॅडिसन कौंटीत सहा जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती.

या दोन दिवसांमध्ये ८१ वर्षांचे अंतर आहे, पण दोन्हींची सुरुवात एकच: ऋतूला न शोभणारी ऊब. आपल्याला ती ऊब सुखाची वाटते. हवामानशास्त्रज्ञाला मात्र तिच्यात दक्षिणेच्या वाऱ्याची शिदोरी दिसते, आणि तो लगेच उत्तरेकडे नजर टाकतो. तेथील हवामानखाते इशारा दोन पायऱ्यांनी देते: प्रथम 'वादळास अनुकूल स्थिती आहे, लक्ष ठेवा', आणि नंतर 'वादळ दिसले, आडोशाला जा'. दुसऱ्या इशाऱ्यानंतर मिनिटेच हाती असतात. तळघर कोठे, मुले कोठे, हे पहिल्याच वेळी ठरवलेले असावे लागते.

ही गोष्ट परक्या मुलखाची खरी, पण तिचे धागे आपल्याशीही जुळतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागात गारपिटीने उभी रब्बी पिके आणि द्राक्षबागा झोपविल्या. त्यामागेही खालची दमट हवा आणि वरचा थंड वारा हीच जोडी होती. हिमालयाची भिंत जमिनीलगतचा गारठा अडविते. फार उंचावरून येणारे वारे तिला जुमानत नाहीत. म्हणून माघ-फाल्गुनात हवा एकाएकी दमट आणि कोंदट झाली, तर नुसता घाम पुसून गप्प बसू नये. त्या दिवशीचा हवामानाचा अंदाज अवश्य ऐकावा आणि खळ्यावरचा माल झाकून घ्यावा.