विश्लेषण : एम.ए.च्या विद्यार्थ्याला विभागाचा आधार कितपत?

जिल्ह्याच्या गावातून पदवी घेऊन मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्रात एम.ए. करण्यासाठी पुण्यात येणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शुल्क इतर अभ्यासक्रमांपेक्षा कमी असले, तरी पुण्यात राहण्याचा आणि जेवणाचा खर्च तेवढाच येतो. शिवाय नव्या भाषेचे ओझेही असते. अशा वेळी कोणती मदत मिळते?

राहण्या-जेवणाचे काय?

शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पालकांच्या उत्पन्नाची आणि इतर अटी पूर्ण केल्यास पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. त्यात भोजनासाठी ३२ हजार, निवासासाठी २० हजार आणि निर्वाहासाठी ८ हजार असे भाग आहेत. महिन्याला हिशेब केला, तर राहण्यासाठी १,७०० रुपयेही पडत नाहीत. शिवाय ही रक्कम हप्त्याने येते आणि घरमालक व खानावळवाला दर महिन्याला पैसे मागतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहे.

‘कमवा आणि शिका’ कशी उपयोगी पडते?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ही योजना विद्यार्थी विकास मंडळामार्फत चालते. विद्यार्थी कार्यालय, ग्रंथालय किंवा बागेत रोज काही तास काम करतात आणि तासाच्या हिशेबाने मानधन मिळवतात. हप्ता येईपर्यंत अनेकांची खानावळ यावरच चालते.

अभ्यासातली खरी अडचण कोणती?

भाषेची. सामाजिक शास्त्रांच्या अनेक विषयांत उत्तरे मराठीत लिहिता येतात. मात्र मूळ ग्रंथ बहुतांश इंग्रजीत असतात. विद्यापीठाच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राने मराठीत वाचनसाहित्य प्रसिद्ध करून यावर वाट काढली. प्रत्येक विभागात असे झालेले नाही.

मन खचले तर?

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी चोवीस तास सुरू असते. तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती बंधनकारक आहे.

मग विभागाने काय करायचे?

विज्ञान शाखेत प्रयोगशाळेमुळे शिक्षक आणि विद्यार्थी रोज भेटतात. मानव्यविद्येत दोन-तीन तासिका झाल्या, की विद्यार्थी ग्रंथालयात किंवा खोलीवर जातो. तो आठवडाभर दिसला नाही, तरी कोणाच्या लक्षात येईलच असे नाही. म्हणून प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात योजनांच्या मुदती आणि कागदपत्रांची यादी फलकावर लावावी. अर्ज भरायला मदत करणारा एक शिक्षक नेमावा. गैरहजर विद्यार्थ्याला फोन करावा. यासाठी वेगळा निधी लागत नाही. योजना शासनाच्या असल्या, तरी त्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचवणारा शेवटचा माणूस विभागातच बसलेला असतो.